गालातला तुतारीवाला

सावीनो लोपोपोलोला आमच्या गावात सगळे ‘बाई’ म्हणायचे, आणि त्याला त्याचा कधी राग आला नाही. गडी ठेंगणा, डोक्यावर केस नावालाच, हातांना चामड्याचा आणि मेणाचा वास, धंदा जोडे दुरुस्तीचा. पण उन्हाळा आला, संतांच्या जत्रा सुरू झाल्या आणि चौकात बँडचा लाकडी मांडव उभा राहिला, की हाच माणूस बाई व्हायचा. आमच्याकडचा बँड अख्खा ऑपेरा वाजवतो. गाणारं कुणी नसतं. नायकाची गाणी एक वाद्य घेतं, बापाची दुसरं, आणि नायिकेची फ्लिकोर्नो घेतो. फ्लिकोर्नो ट्रम्पेटच्याच घराण्यातला, पण आवाजाने मऊ. सावीनो फ्लिकोर्नो वाजवायचा. म्हणजे दर जत्रेत त्याने एकदा प्रेमात पडायचं, एकदा फसायचं आणि शेवटच्या अंकात मरायचं. तो मरायला लागला की चौकातले खाटीकसुद्धा नाक पुसायचे.

मी काताल्दो, न्हावी. माझ्याकडे बाँबार्दिनो, घोगरं मोठं वाद्य, बापाचं. लग्नाला आडवं यायचं आणि पोरगी मेली की पस्तावायचं, हे माझं काम. सावीनो माझ्याहून मोठा, तरी मांडवात मी त्याचा बाप. दुकानात आला की म्हणायचा, “बाबा, आज तरी होकार द्या.” मी म्हणायचो, “आधी दाढी कर, मग बघू.” हा पाचकळपणा आम्ही जन्मभर केला.

इन्कोरोनाता त्याला मांडवाखालीच भेटली. ऐन तारुण्यात, दुसऱ्या गावाहून जत्रेला आलेली. शेवटच्या अंकात ती ढसाढसा रडली, आणि दिवे लागल्यावर आपल्याला कुणी रडवलं ते बघायला पुढे आली. बघते तर गाल फुगलेला हा बुटका मोची. ती चिडलीच. दुसऱ्या दिवशी चांगल्या चपलेचा अंगठा मुद्दाम तोडून त्याच्या दुकानात हजर. “बाईमाणूस होऊन इतकं छान मरता येतं तुला,” ती म्हणाली, “मग बायकोबरोबर जगताही येईल.” पुढे लग्न झालं तेव्हा विहिरीच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं घर तिनेच पसंत केलं. गुड फ्रायडेला मेलेल्या ख्रिस्ताच्या आणि काळ्या वस्त्रातल्या त्याच्या आईच्या मूर्तींची मिरवणूक त्या कोपऱ्यावर थांबते, आणि बँड तिथे एक जुनी शोकधून वाजवतो. त्या धुनेत मधे एक जागा आहे, एकट्या फ्लिकोर्नोची. इन्कोरोनाता दरवर्षी वरच्या खिडकीत उभी राहून ती जागा ऐकायची. मूलबाळ झालं नाही. त्या जागेवरच दोघांचं पोट भरायचं म्हटलं तरी चालेल.

आमच्या बँडचे दोन नियम तेवढे सांगतो, कारण सगळं त्यावरच फिरलं. पहिला, जिवंत माणसाची जागा त्याने स्वतः सांगितल्याशिवाय दुसऱ्याने घ्यायची नाही. घेतली तर तो अपमान, आयुष्यभर बोलणं बंद. दुसरा, वादक मेला की त्याच्या अंत्ययात्रेत आणि त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला त्याची जागा रिकामी सोडायची. साथ चालू ठेवायची, मधे कुणीच वाजवायचं नाही. ती रिकामी जागा आली की रस्त्यातले पुरुष टोपी काढतात. पाळण्यातल्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो.

लग्नाला तीस वर्षं झाली त्या हिवाळ्यात इन्कोरोनाताचं पोट बिघडलं ते बिघडलंच. बारी शहरातल्या डॉक्टरांनी उघडून पाहिलं, पुन्हा शिवलं आणि घरी पाठवलं. काय समजायचं ते सगळे समजले, तीही समजली. “गुड फ्रायडेपर्यंत आहे मी,” ती सावीनोला म्हणाली. “तुझं ऐकल्याशिवाय हलत नाही. नंतर बघू.” भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं तिने.

आणि जानेवारीत सावीनोचा गाल गेला.

शेतावरच्या गड्यांचे बूट पोचवून तो कुणाच्या तरी उघड्या गाडीत मागे बसून परत आला होता, उत्तरेचा वारा तोंडावर घेत. सकाळी दुकानात बसला. मोची लोक खिळे तोंडात धरतात, डाव्या गालात मूठभर, आणि जिभेने एकेक पुढे सारतात. त्या दिवशी खिळे गालात राहीनात. ओठांच्या कोपऱ्यातून मांडीवर सांडले. त्याने पुन्हा भरले, पुन्हा सांडले. मग एप्रन तसाच घालून तो माझ्याकडे आला आणि खुर्चीत बसला.

मी त्याच्या गालाला रोज हात लावणारा माणूस. दाढी करताना गाल ओढला की तो आतून परत ओढतो, ते बोटाला कळतं. त्या दिवशी डावा गाल माझ्या बोटाबरोबर निमूट आला आणि तसाच राहिला. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा सावीनो, अर्धा कुणीच नाही. डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी गळत होतं.

“रडतोस कशाला?” मी म्हणालो, कारण घाबरलो होतो.

“मी नाही रडत. डोळाच रडतोय,” तो म्हणाला. ‘प’ आणि ‘ब’ त्याच्या ओठांतून निसटत होते.

बारीच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला की चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांची परत येते. कुणाची तीन आठवड्यांत, कुणाची सहा महिन्यांत, एखाद्याची येतच नाही. मेणबत्ती विझवा, शीळ घाला, तोंडात पाणी धरा. सावीनोने विचारलं, “फुंकता का येत नाही?” डॉक्टर म्हणाला, “गालातला बुच्चिनातोरे काम करत नाही म्हणून.” तो शब्द सावीनो परतीच्या वाटेवर तोंडात घोळवत आला आणि माझ्या दुकानात सोडला.

तिथे फादर गास्पारे पत्ते पिसत बसले होते. लॅटिन म्हटलं की त्यांना भूक लागल्यासारखं व्हायचं. “अरे, तो शब्द तुमचाच आहे,” ते म्हणाले. “लॅटिनमध्ये बुच्चिनातोर म्हणजे तुतारीवाला. रोमच्या फौजेत वाकडी तुतारी असायची, बुच्चिना. ती फुंकणारा तो बुच्चिनातोर. शरीर चिरणाऱ्या पंडितांनी पाहिलं, फुंकताना गालाचा हाच स्नायू वारा आत दाबून धरतो. देऊन टाकलं त्याला शिपायाचं नाव.”

“म्हणजे माझ्या गालात एक शिपाई आहे,” सावीनो म्हणाला.

“प्रत्येकाच्याच आहे. दोन्ही गालांत एकेक. मूल दूध ओढतं ते त्याच्याच जोरावर. घास दाताखाली राहतो तोही त्याच्यामुळे.” फादरांनी पत्ते खाली ठेवले. “काही म्हणतात, हा शब्द बुक्का म्हणजे गाल, त्यावरून आला. पण तुतारी आधी बैलाच्या शिंगाची असायची. बोस म्हणजे बैल, कानेरे म्हणजे गाणं. गाणारं शिंग. ते जास्त पटतं. गालाशी नातं लोकांनी मागाहून जोडलं. आणि स्नायू म्हणजे काय म्हणाल तर मुस्कुलुस, उंदराचं पिल्लू. कातडीखाली पळतं म्हणून.”

“बैल, शिपाई, उंदीर,” मी म्हणालो. “एका मोच्याच्या गालात केवढा बाजार भरवलाय.”

सावीनो हसला, म्हणजे अर्धा हसला. मग त्याने विचारलं, “तो शिपाई तुतारी कशासाठी फुंकायचा?”

“रात्री पहारे बदलायला. त्याने फुंकलं की उभा असलेला माणूस सुटायचा, दुसरा यायचा.”

“आणि नाही फुंकलं तर?”

फादरांनी पत्ते पुन्हा उचलले. “मग उभा आहे तो उभाच राहत असेल. त्याला कोण सोडवणार?”

सावीनो आरशाकडे वळला आणि डावा गाल बोटाने दाबून बघितला. मी ब्रश धुतला.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, सुरू झाले तरी गाल परतला नाही. मेणबत्त्या विझेनात. तालमीला येऊन तो फ्लिकोर्नो मांडीवर घेऊन बसायचा. शेजारी रोक्को, आमचा दुसरा फ्लिकोर्नो, वायरिंगची कामं करणारा, सावीनोच्या हाताखाली शिकलेला. तो बिचारा बाईच्या जागेपाशी आला की नजर खाली घालून थांबायचा, आणि बँडमास्तर कांडी हलवत पुढे जायचा. एक दिवस मी सावीनोला म्हणालो, “रोक्कोला सांगून टाक. पोरगं चांगलं वाजवतं.”

“वाजवतो ना. पण ती ओळखेल.”

“आजारी बाई आहे, खिडकी बंद, खाली दोनशे माणसं.”

“काताल्दो, तिने तीस वर्षं माझा श्वास ऐकलाय. मरताना तिला रोक्कोचा श्वास माझा म्हणून विकू?”

मी रोक्कोचं नाव सोडलं. आणि मग सावीनोने आपल्या धंद्यातून उपाय काढला. वासराच्या मऊ चामड्याचा पट्टा कापला, हनुवटीखालून टाळूवर जाणारा, डोक्यावर बक्कल. डाव्या बाजूला आतून चामड्याच्या थरांची गादी शिवली, ती गाल दातांवर दाबून धरायची. महिनाभर तो हे शिवत, उसवत, पुन्हा शिवत होता. दिवसभर बायकोजवळ शेजारची निनेत्ता बसायची, हा संध्याकाळी माझ्या दुकानात यायचा, मी शटर ओढायचो आणि तो फुंकायचा. आधी नुसता वारा. मग शेंबड्या पोरासारखे सूर. आणि पाम संडेच्या आदल्या दिवशी, गुड फ्रायडेला सहा दिवस असताना, सगळी जागा आली, अथपासून इतीपर्यंत. गोल नव्हती, एका बाजूने झिजलेल्या टाचेसारखी होती, पण त्याचीच होती. मी वस्तरा हातात घेऊन उभा होतो. इतकं चांगलं मरताना मी त्याला मांडवातसुद्धा ऐकलं नव्हतं.

“घरी जाऊन तिला ऐकव,” मी म्हणालो.

“म्हटलं मी. नको म्हणते. रस्त्यावरून येऊ दे म्हणते, दरवर्षीसारखं.” तो खुश होता. “वाजवशील ना, विचारलं तिने. मी म्हटलं, वाजवणार म्हणजे वाजवणार.”

गुड फ्रायडेच्या सकाळी मी त्याची दाढी केली. पट्ट्याखाली खुंट टोचू नयेत म्हणून दोनदा फिरवला वस्तरा.

दुपारी मिरवणूक निघाली. आमच्याकडे ती चालत नाही, झुलते. एक पाऊल टाकायचं, जागीच डोलायचं, मग दुसरं. चर्चपासून विहिरीचा कोपरा हाकेच्या अंतरावर, पण पोचायला उन्हं कलतात. समुद्राकडून वारा होता. सावीनो माझ्या उजव्या बाजूने, तोंडाला पट्टा बांधून चालत होता. लोक त्याच्याकडे बघून नजर वळवत होते. वारा मिटत नसलेल्या डोळ्यात जायचा आणि डोळ्यातून धार लागायची. पुसायला हात मोकळा नाही. दुकानात शटर ओढलेलं असायचं, तिथे वारा नव्हता. ती धार गालावरून सरळ पट्ट्यात उतरत होती, आणि ओलं झालेलं चामडं सैल पडतं, हे जगात कुणाला माहीत नसलं तरी त्याला माहीत होतं. कोपऱ्यावर आलो तेव्हा त्याने बोटाने पट्टा चाचपला. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला सगळं कळलं, पण कांडी वर गेली होती.

धून सुरू झाली. वरच्या खिडकीची झडप उघडी होती. बाईची जागा आली, आम्ही साथ खाली उतरवली. सावीनोने फ्लिकोर्नो ओठांना लावला. फस्स झालं. चुलीवर दूध उतू जातं तेवढा आवाज, तो मला ऐकू आला आणि रोक्कोला, बस. गादी सैल होऊन गालावरून घसरली होती. त्याने पुन्हा फुंकलं, पुन्हा वाराच. रोक्कोचं वाद्य तोंडाजवळ होतं. त्याने सावीनोकडे पाहिलं, परवानगीसाठी. सावीनोला दिसलंच नाही, तो वर खिडकीकडे बघत होता. मग रोक्कोने मान खाली घातली आणि वाद्य छातीशी धरलं. जिवंत माणसाची जागा तो घेणार नव्हता. प्रेमाने, मानाने, त्याला शिकवलं होतं तसंच वागला तो. साथ चालू राहिली, मधे कुणी नाही. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांनी पुरुषांचे हात सवयीने टोप्यांकडे गेले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मानासाठी सोडलेली जागा आणि मेलेल्यासाठी सोडलेली जागा, दोन्ही ऐकायला एकच.

धून संपायच्या आत निनेत्ता खिडकीत आली आणि ओरडली, “सावीनो, वर ये. लवकर वर ये.” मेलेल्या ख्रिस्ताच्या पालखीपुढे आमच्या गावात कधी कुणी ओरडलेलं नाही. सावीनो ओळ मोडून धावला. त्याच्यामागे मी, बाँबार्दिनो पोटाशी धरून, जिन्याच्या भिंतींना आपटत. दारातच निनेत्ता माझ्या कानाशी पुटपुटली, “ती विचारतेय, सावीनो कधी गेला. मी सांगते गेला नाही, तर म्हणते, लपवू नका, मी ऐकलं.”

इन्कोरोनाता उशांना टेकून बसली होती, उशांएवढीच पांढरी. सावीनो पलंगापाशी उभा राहिला. मी दारातून पाहिलं, आणि तिने काय पाहिलं तेही माझ्या लक्षात आलं. मढ्याचा जबडा उघडा पडू नये म्हणून आम्ही हनुवटीखालून टाळूपर्यंत पट्टी बांधतो. गावातल्या पुरुष मढ्यांना ती मीच बांधतो, त्यांची शेवटची दाढीही मीच करतो. सावीनोचा पट्टा तस्साच होता. अर्धा चेहरा मेलेला, एक डोळा न मिटणारा, दाढी ताजी.

“छान बांधलंय तुला,” ती म्हणाली. मग तिला दारात मी दिसलो. “काताल्दो, तूच केलंस ना सगळं? दाढीसुद्धा नीट केलीस त्याची. बरं झालं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस.”

 सावीनोचा हात बक्कलाकडे गेला. तो पट्टा सोडणार होता, तिला सांगणार होता, वेडे, मी जिवंत आहे, बघ.

“मला रात्रंदिवस धास्ती होती,” ती त्याला म्हणाली. “मी गेले की तुझं काय. साधं अंडं उकडता येत नाही तुला. मोज्यांचा जोड सापडत नाही. देवाला म्हटलं, याला एकटा ठेवून मला कसा नेतोस? ऐकलं बाबा त्याने.” ती खरोखर हसत होती. महिन्यांत मी तिला तसं पाहिलं नव्हतं. “ती जागा रिकामी आली आणि मला आधी रडू आलं. मग वाटलं, चला, आता घाई नाही. न्यायला आलास ना मला?”

सावीनोचा हात बक्कलावर तसाच राहिला. मग तो खाली आला. तो पलंगावर बसला, तिचा हात हातात घेतला.

“हो,” तो म्हणाला. “न्यायलाच आलोय. सावकाश आवर.”

रात्रभर त्याने तो पट्टा सोडला नाही. शनिवारी उजाडता उजाडता ती गेली. त्या दिवशी ख्रिस्ताच्या शोकात आमच्या चर्चच्या घंटा बांधलेल्या असतात, त्यामुळे तिच्यासाठी घंटासुद्धा वाजली नाही. फादरांनी लाकडी खुळखुळा वाजवला, तोही हळू. मी सावीनोच्या डोक्यावरचं बक्कल सोडलं तेव्हा गालावर गादीचा वळ उमटला होता आणि त्या गालाला तो कळतही नव्हता.

जूनमध्ये एका सकाळी दाढी करताना गाल माझ्या बोटाखाली परत ओढला गेला. अगदी थोडा. त्याच्याआधी मला कळलं. मी हात थांबवला तसा तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

“आला वाटतं तुतारीवाला,” तो म्हणाला.

“आला.”

“आता कशाला आला?”

खिळे पुन्हा गालात राहू लागले. त्याने जोडे शिवले, अंडी उकडायला शिकला, वाईट उकडायचा. फ्लिकोर्नो मात्र पेटीत घालून रोक्कोच्या घरी पोचवला आणि म्हणाला, “घे, आता तू बाई.” मांडवाखाली येऊन मागे उभा राहायचा, शेवटच्या अंकाआधी निघून जायचा. कधी संध्याकाळी दुकान बंद करता करता माझ्याकडे यायचा आणि एकच गोष्ट बोलायचा. “न्यायला आलोय म्हटलं मी तिला. आणि बघ, मीच मागे. तिकडे ती वाट बघत असेल, हा माणूस कुठे राहिला म्हणून.” मी त्याला टिंगलीवर न्यायचा प्रयत्न करायचो. जमायचं नाही. फादर म्हणाले होते तसा तो उभाच होता, पुष्कळ वर्षं, आणि कुणी सोडवत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात तो झोपेत गेला. दाढी मी केली. जबडा बांधायला पट्टी शोधताना त्याच्या कपाटात तो चामड्याचा पट्टा मिळाला, तेल लावून जपलेला. तोच बांधला.

अंत्ययात्रेआधी रोक्को माझ्याकडे आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. “साथ कुठपर्यंत खाली घ्यायची, काका? जागा रिकामी सोडायची ना?”

“ती जागा एकदा सोडून झाली,” मी म्हणालो. “त्याला दुसऱ्यांदा काय मारायचं? तू वाजव.”

“मेलेल्याची जागा? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. त्या वेळी वरच्या खोलीत लोक नव्हते, मी होतो.”

विहिरीच्या कोपऱ्यावर खांद्यावरची शवपेटी थांबली. धून सुरू झाली. पुरुषांचे हात टोप्यांपाशी जाऊन तयार राहिले. आणि रोक्कोने सावीनोचाच फ्लिकोर्नो उचलला आणि ती जागा वाजवली, सगळी, मोकळ्या छातीने, बंद खिडकीकडे तोंड करून. लोकांचे हात तसेच अधांतरी राहिले, टोपी काढायची की नाही ते कुणाला कळेना. पुढे बापाची ओळ होती, माझी. ती मला वाजवता आली नाही. मी वाद्य छातीशी धरून रडत उभा राहिलो, आणि रोक्को माझ्यासाठी थांबला नाही.